झाडावर काही मारायच्या आधी पान उलटं करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय हे मला माहितीये. जागा नसेल तर मधलं खुशाल कापा, पण बाटलीचं जे लिहिलंय तेवढं कृपया ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसले.

मागच्या रविवारी कोकोपीट आणायला आमच्या भागातल्या एका नर्सरीत गेले होते. तिथे एक मुलगी आली, कागदात तुळशीची चार पानं गुंडाळून आणलेली, आणि नर्सरीवाल्याला म्हणाली दादा बघा ना हे काय झालंय, पानं पांढरी पडतायत आणि वळतायत. त्याने पान हातातसुद्धा घेतलं नाही. आत गेला आणि पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली असते ना, त्यात भरलेलं दुधाळ औषध घेऊन आला, "एक झाकण बादलीभर पाण्यात टाका नि मारा, सगळ्या किडीवर चालतं". पन्नास रुपये. बाटलीवर लेबल पिण्याच्या पाण्याचं! मी विचारलं, भाऊ नाव काय औषधाचं, तर म्हणाला काकू तुम्हाला कळणार नाही, शेतीचं आहे. मग मी त्या मुलीलाच विचारलं की तुळस पूजेपुरतीच आहे का घरात कोणी पान खातं. तर म्हणाली, सासूबाई रोज सकाळी दोन पानं तोंडात टाकतात आणि मुलाला खोकला झाला की काढ्यात पण तीच तुळस.

मला तिथेच घाम फुटला. तुळशीवर हे मारायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच पान म्हाताऱ्या माणसाच्या आणि लहान मुलाच्या पोटात? ती बाटली मी तिला घेऊ दिली नाही, नर्सरीवाला चिडला तो चिडला. बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही दोघींनी ते पान उलटं केलं आणि तिच्या मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. पानाच्या मागे शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके आणि त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचे करडे चपटे किडे, पंखांवर बारीक जाळी, अगदी लेस लावल्यासारखी. त्याला लेस बगच म्हणतात. तो पानाच्या मागे बसून रस शोषतो, म्हणून वरून पान फिकट ठिपक्या-ठिपक्यांचं होतं, मग कडेनं वळतं आणि वाळतं. ते काळे ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. आता याला शेतीचं औषध कशाला लागतं? वळलेले शेंडे आणि मंजिऱ्या खुडून पिशवीत बांधून टाकायच्या, कुंडी आडवी करून पानांच्या मागून पाण्याचा जोरात फवारा मारायचा, तीन-चार दिवस रोज. तरी राहिले तर कडुनिंबाचं तेल, आणि ते मारल्यावर काही दिवस पानं खायची नाहीत. तुळस खुडली की दुप्पट फुटते हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

हे मला सगळं येतं अशातला भाग नाही, मीसुद्धा चुकूनच शिकले. पाच-सहा वर्षांपूर्वी गणपतीसाठी म्हणून लाल गावठी जास्वंद लावली होती गच्चीत, मोठ्या ड्रममध्ये. एका उन्हाळ्यात तिचे शेंडे मुठी आवळल्यासारखे गोळा व्हायला लागले, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या आणि फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस. मिलीबग, म्हणजे आपल्याकडे शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात तो. खाली पानांवर चिकट चिकट आणि त्या चिकटावर काळी काजळी. मी त्या काजळीला रोग समजून बुरशीचं औषध आणून मारलं, दोनदा. काही फरक नाही, कसा पडणार, कारण मिलीबग जो गोड चिकट पदार्थ बाहेर टाकतो त्याच्यावर ती बुरशी वाढते, किडा गेला की काजळी आपोआप थांबते, उरलेली ओल्या फडक्याने पुसून निघते. मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसणारे बारीक किडे, असला तरी हेच.

मग मी जुना टूथब्रश घेऊन रोज सकाळी बसायला लागले. पंधरा दिवसांनी त्या कापसात काही मोठे, लांब लांब पांढऱ्या झिरमिळ्या असलेले दिसायला लागले. मला वाटलं हे म्हातारे झालेले मिलीबग, हेच सगळ्यांचे बाप. म्हणून आधी ते शोधून शोधून मारले. तीन-चार दिवस हेच चाललं होतं. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला, त्याची निफाडकडे द्राक्षाची बाग आहे. तो चहाचा कप घेऊन गच्चीत आला, वाकून बघितलं आणि ओरडलाच, "अगं ताई, हे आम्ही विकत आणून बागेत सोडतो आणि तू चिरडतेस?"

ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी होती. हा लेडीबर्डच्या जातीतला, मोठा झाला की जेमतेम चार मिलिमीटरचा काळपट भुंगेरा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. त्याची अळी मिलीबगमध्ये राहून मिलीबगच खाते आणि दिसते पण तशीच. ओळखायचं कसं ते भावाने दाखवलं. झाडूची काडी घ्या आणि हळूच टोचा. मिलीबग जागचा हलत नाही, हलला तरी रांगत रांगत. ही अळी लगेच पळते. शिवाय ती मिलीबगपेक्षा बरीच मोठी, सेंटिमीटरभर होते, आणि तिच्या झिरमिळ्या दोऱ्यांसारख्या सुट्या असतात, मिलीबगवरचं पीठ मैदा भुरभुरल्यासारखं असतं. एवढाच फरक. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात 1898 साली आणला, म्हणजे सव्वाशे वर्षं तो आपल्याकडे काम करतोय आणि मी त्याला टूथब्रशने मारत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

भावाने दुसरी गोष्ट सांगितली ती मुंग्यांची. जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर जात होती, ती मी रोज बघत होते पण मला वाटायचं मुंग्या काय, असतातच. मुंग्या त्या गोड चिकटासाठी येतात आणि त्या बदल्यात मिलीबगची राखण करतात, लेडीबर्डला जवळ येऊ देत नाहीत, मिलीबगची पिल्लं उचलून नव्या फांदीवर पण नेऊन ठेवतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडायची. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावायचं (थेट सालीला नाही लावायचं), लहान कुंडी असेल तर पाण्याच्या ताटात वीट ठेवून वर कुंडी, आणि फांद्या भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकत असतील तर त्या छाटायच्या, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात. आम्ही आवळलेले शेंडे कापले, पिशवीत बांधून टाकले, कंपोस्टमध्ये नाही, उरलेले मिलीबग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपले आणि जिथे त्या अळ्या दिसल्या तिथे हात लावला नाही. महिन्या-दीड महिन्यात झाड सुधारलं. औषधाचा एक थेंब नाही.

आणि हे काही आमच्या घरचं शहाणपण नाही. पपईवरचा मिलीबग आठवत असेल बघा तुमच्या जुन्या वाचकांना. मूळचा मेक्सिकोकडचा, आपल्या देशात 2008 मध्ये पहिल्यांदा कोइमतूरला सापडला आणि नंतर आपल्या महाराष्ट्रातल्या पपईलाही त्याने गाठलं. तुती, जास्वंद, चाफा, काही सोडलं नाही. शेतकऱ्यांनी औषधं मारून मारून हात टेकले कारण त्या मेणचट पिठातून औषध आत जातच नाही. शेवटी 2010 मध्ये पोर्टो रिकोहून एक चिलटाएवढी गांधीलमाशी आणली, तिचं नाव असेरोफॅगस पपायी, ती मिलीबगच्या पोटात अंडी घालते. ती सोडली आणि तो मिलीबग आटोक्यात आला. एवढीशी माशी! आता विचार करा, त्या सगळ्या किडीवर चालणाऱ्या बाटलीतलं औषध मारलं की पहिलं कोण मरणार, पिठात लपलेला मिलीबग की उघड्यावर फिरणारी ही माशी?

लाल कोळ्याचंही तसंच आहे आणि आत्ता उन्हाळ्यात तोच सगळ्यांच्या गुलाबावर असणारे. पान वरून धुरकट, बारीक पिवळे ठिपके, आणि खाली नीट बघितलं तर कोळिष्टक. तो किडाच नाही मुळात, आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला, त्यामुळे किडे मारायची कितीतरी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मरतात आणि तो दुपटीने वाढतो. पांढरा कागद पानाखाली धरा आणि टिचकी मारा, कागदावर लाल-तपकिरी टिंबं चालायला लागली की समजायचं. कोरडी हवा आणि धूळ त्याला आवडते म्हणून पाण्याचा फवारा हेच त्याचं औषध, एक दिवसाआड, पानाच्या खालून.

टिचकीची ही युक्ती फुलकिड्यांनाही चालते. गुलाबाची कळी उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा करपल्यासारख्या होतात, ती कळी कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे पिवळे-तपकिरी लांबट किडे पडतील. मिरचीचा चुरडामुरडा सगळ्यांना माहीत असतो पण पान कुठल्या बाजूला वळलंय ते कोणी बघत नाही: होडीसारखं वर वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, उलट्या होडीसारखं खाली वळलं तर कोळी. दोघांची वागणूक वेगळी, उपाय वेगळा. फुलकिड्यांना निळा चिकट सापळा, पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळा. घरी पण करता येतो, पिवळ्या फाइलच्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगायचा, आठ दिवसांनी पुसून परत लावायचा.

माव्याबद्दल फार लिहीत नाही. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे, रुई-कण्हेरीवर पिवळेधमक. त्यांच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात म्हणून आठवड्यात शेंडा भरून जातो. बोटांनी पुसा, पाण्याने धुवा, आणि युरिया कमी टाका! नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच येतो, हे मी स्वतः दोनदा करून बघितलंय.

आता जे किडे नाहीतच त्रासाचे, त्यांचं सांगते, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक फोटो असतो "हे काय आहे, काय मारू?" गुलाबाच्या नाहीतर बोगनवेलीच्या पानाच्या कडेला पंचिंग मशीनने कापल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर ती पानकापी मधमाशी, ती पान खात नाही, घरट्याला नेते आणि आपल्या फुलांचं परागीभवन करते. पानावर केसाएवढ्या दांड्या उभ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढरा मणी, ही बुरशी नाही, ती क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची अंडी, त्यातनं निघणारी अळी मावा फस्त करते. तगरीच्या झाडाखाली मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडल्या आणि वर बोटाएवढी हिरवी अळी, पाठीवर दोन निळे डोळे काढल्यासारखे, तिला बघून माणसं किंचाळतात. एक-दोन असतील तर राहू द्या, तगर परत फुटते.

आणि कढीपत्ता. लिंबू आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, ती मोठी झाली की हिरवीगार होते आणि हात लावला की डोक्यातून केशरी दोन शिंगं काढते, उग्र वास सोडते. चावत नाही, विषारी नाही. ती फुलपाखराची अळी. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, 2015 मध्ये जाहीर झालं, त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. झाड लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा, पण ज्या कढीपत्त्याची पानं आपण रोज फोडणीत टाकतो त्याच्यावर फवारणी, हे मला कल्पनाच करवत नाही आणि लोक करतात.

फवारायचंच झालं तर कडुनिंबाचं तेल, पण तेही नीट. तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, मग पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी जातं आणि शेवटी निव्वळ तेल जाऊन पान जळतं, मग लोक म्हणतात नीमने झाड मेलं. आधी एक लिटर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोप एक मिली घालायचा, मग 5 मिली तेल त्यात हळूहळू ओतत हलवायचं, दुधासारखं झालं पाहिजे. संध्याकाळी मारायचं, उन्हात कधीच नाही, आणि आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघायचं. अंडी त्याने मरत नाहीत सगळी म्हणून सात-आठ दिवसांनी परत, असं तीनदा. ज्यांना निंबोळ्या मिळतात त्यांनी 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून वापरावी, शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच.

आता बाटलीचं. 1968 चा कीटकनाशक कायदा आहे आपल्याकडे. त्यानुसार कीटकनाशक विकायला परवाना लागतो आणि डब्यावर नाव, प्रमाण, विषबाधा झाली तर उतारा काय, हे सगळं छापलेलं लागतं. डब्यावर पतंगासारखा उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात कमी हिरवा. पाण्याच्या बाटलीत ओतून दिलं की हे सगळं गेलं. कोणी चुकून प्यायलं आणि दवाखान्यात नेलं तर डॉक्टर विचारणार काय घेतलं, आपण काय सांगणार, पांढरं होतं म्हणून? आणि बाटली पाण्याची, फ्रीजशेजारी ठेवलेली, घरात रांगतं मूल. कुंडीत टाकायला म्हणून सुट्या पुडीत दाणेदार औषध देतात तेही तसंच. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ही दोन कीटकनाशकं पूर्वी सर्रास वापरात असायची, त्यांच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. पण पुडीवर नावच नसेल तर आपल्याला काय मिळालं ते कळणार कसं?

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. उघड्या शेतात, सवयीच्या माणसांचं हे झालं. आणि आपण बंद बाल्कनीत, मास्क नाही हातमोजे नाहीत, शेजारच्या दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत आहेत, तसंच मारतो.

म्हणून दोन विनंत्या. पहिली ज्यांच्या हातात हे आहे त्यांना, की शहरातल्या नर्सऱ्यांमधून सुटं, बिनलेबलाचं औषध विकलं जातं ते कोणीतरी जाऊन बघा. शेतकऱ्यांच्या दुकानांवर तपासणी होते, मग नर्सरीवर का नको?

दुसरी तुम्हाला. रविवारच्या पुरवणीत पोस्टाच्या तिकिटाच्या चौपट जागा द्या, दर आठवड्याला एकच फोटो, त्या ऋतूत जो दिसतो त्या किड्याचा, चांगला असो की वाईट, मोठा करून, म्हणजे नंबर वाढलेल्या माणसांनाही दिसेल, आणि खाली चार ओळी. कृषी महाविद्यालयातली कीटकशास्त्राची मुलं आनंदाने लिहून देतील. त्यात पहिला फोटो कृपया त्या पांढऱ्या झिरमिळ्यांच्या अळीचा छापा. आत्ता उन्हाळा लागलाय, जास्वंदींवर मिलीबग यायला लागलेत आणि त्यांच्यामागे ती पण येईल. उशीर करू नका.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे